मीटर टाकायचं की ॲप उघडायचं? ठाणेकरांसाठी भाड्याचा हिशेब

मुंबईच्या माणसाला विचारलं तर तो काळी-पिवळी आणि ओला-उबर यांची तुलना करेल. ठाण्यात रस्त्यावर उभं राहून हात केला आणि काळी-पिवळी थांबली, असं क्वचितच होतं. इथे खरा सामना मीटरची रिक्षा, शेअर रिक्षा, ॲपवरची रिक्षा आणि ॲपवरची कॅब यांच्यात असतो. काळी-पिवळीची गाठ पडते ती मुंबईहून परत येताना. त्यामुळे ‘ॲप स्वस्त की टॅक्सी स्वस्त’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कुठून कुठे, किती वाजता, किती सामान घेऊन, हे ठरलं की उत्तर मिळतं, आणि ते काढायला सरकारी दर पाठ असावा लागतो. ॲपने दाखवलेला आकडा महाग आहे की वाजवी, हे त्या दराशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

पहिली पायरी: नंबरप्लेट बघा

भाड्याने चालणाऱ्या गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी असतात. इलेक्ट्रिक गाडी असेल तर पाटी हिरवी आणि अक्षरं पिवळी. पांढऱ्या पाटीची किंवा हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांची गाडी खाजगी असते. ती ‘चला, सोडतो’ म्हणत स्टेशनबाहेर उभी असली तरी तिच्याकडे प्रवासी वाहतुकीचा परवाना नसतो, आणि अपघात झाला तर विम्याचा प्रश्न तिथेच अडतो. एमएच-०४ म्हणजे ठाणे, ०५ कल्याण, ४३ नवी मुंबई, ४६ पनवेल. हे पाठ असलं की संध्याकाळी एक अंदाज बांधता येतो. पनवेलचा ड्रायव्हर रात्री आठ वाजता बोरिवलीचं भाडं आनंदाने घेणार नाही, पण बेलापूरचं घेईल. शंका आली तर एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाका, गाडी कोणत्या प्रकारात नोंदली आहे ते दिसतं.

दुसरी पायरी: सतरा, एकवीस, तेवीस

एमएमआरटीए, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरण, रिक्षा-टॅक्सीचे दर ठरवतं. ठाणे, मुलुंड, ऐरोली, वाशी, कल्याण सगळीकडे तेच दर लागू असतात. १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं २६ रुपये झालं, पुढे दर किलोमीटरला १७.१४ रुपये. काळी-पिवळीचं पहिलं भाडं ३१ रुपये आणि पुढे किलोमीटरला २०.६६. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच या वेळेत दोन्हींना २५ टक्के जास्त.

ॲपवरच्या कॅबला बरीच वर्षं असा दर नव्हता, कंपनी सांगेल ते भाडं. जुलै २०२५ मध्ये कॅबचालकांनी संप केला, आझाद मैदानात आंदोलन केलं. त्यानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई महानगर प्रदेशासाठी किलोमीटरला २२.७२ रुपये हा मूळ दर ठरला. गर्दीच्या वेळी कंपनीला जास्तीत जास्त दीडपट घेता येतं आणि मागणी नसताना मूळ दरावर २५ टक्क्यांपर्यंत सूट देता येते. केंद्राच्या जुलै २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दुपटीपर्यंत मुभा आहे, राज्याने दीडपटीवर रेघ मारली.

रुपयाच्या खालचे पैसे सोडून द्या आणि डोक्यात फक्त सतरा, एकवीस, तेवीस ठेवा: रिक्षा, काळी-पिवळी, ॲप कॅब. नकाशात अंतर बघायचं आणि गुणायचं. स्टेशनपासून घोडबंदर रोडवरची एखादी सोसायटी ८ किलोमीटरवर आहे असं धरू. मीटरची रिक्षा साधारण १३७ रुपये, मध्यरात्रीनंतर १७१. ॲप कॅब मूळ दराने १८२, दीडपटीने २७३, पूर्ण सूट मिळाली तर १३६. हा शेवटचा आकडा बघा. दुपारी अडीच वाजता ॲपवरची एसी गाडी रिक्षाच्या भावात मिळू शकते. त्याच रस्त्याला संध्याकाळी साडेसात वाजता ती रिक्षाच्या दुप्पट होते. दोन शेजारी एकमेकांना ‘ॲप फार महाग’ आणि ‘ॲप किती स्वस्त’ असं सांगत असतील तर दोघंही खरं बोलत असतात, फक्त त्यांच्या वेळा वेगळ्या असतात.

मीटर अंतराबरोबर वेळही मोजतं, म्हणून ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर आकडा हिशेबापेक्षा थोडा पुढे जातो. कापूरबावडीला वीस मिनिटं उभं राहिलात तर थोड्याफार फरकावरून रिक्षावाल्याशी भांडू नका. पण रस्ता मोकळा असताना दीड किलोमीटरच्या आत मीटर २६ च्या पुढे सरकलं, किंवा ४ किलोमीटरला ९० च्या वर गेलं, तर मीटर फास्ट आहे. उतरताना गाडीचा नंबर आणि मीटरचा फोटो दोन्ही घ्या.

तिसरी पायरी: ॲपवरचा आकडा वाचायला शिका

आकडा दिसला की त्याला अंतराने भागा. तेवीसच्या आसपास आला तर मूळ दर. चौतीसपर्यंत आला तर दीडपट, म्हणजे वरची हद्द. त्याच्या पुढे गेला तर तो स्क्रीनशॉट जपून ठेवायच्या लायकीचा आहे. फक्त भागण्यापूर्वी भाड्यात टोल, विमानतळाचं पार्किंग किंवा वाट बघण्याचे पैसे धरलेत का ते पाहा. भाड्याचा तपशील उघडला की ते वेगळे दिसतात.

टोलचं एक लक्षात ठेवा. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर, म्हणजे दहिसर, मुलुंडचे दोन नाके, ऐरोली आणि वाशी इथे हलक्या वाहनांना टोल नाही. ठाण्याहून मुंबईला जाताना ‘साहेब, टोल वेगळा’ असं कोणी म्हणालं तर हसून नाही म्हणायचं. अटल सेतूवरून गेलात तर मात्र टोल आहे आणि तो तुम्हालाच द्यायचा आहे. म्हणून त्या बाजूला जाताना कोणता रस्ता घ्यायचा ते निघण्याआधी बोलून घ्या.

बुकिंग होण्याआधीच टिप द्या, म्हणजे गाडी लवकर मिळेल, असा पर्यायही ॲप दाखवतात. सेवा मिळण्याआधी टिप कसली? मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याच पद्धतीबद्दल उबरला नोटीस पाठवली. माझं मत सरळ आहे: ही टिप नाही, लिलाव आहे. पावसात अडकलात आणि आजारी माणूस सोबत असेल तर जरूर वाढवा, पण ती रक्कम मनात भाड्यात धरूनच तुलना करा.

दोन-तीन ॲप एकाच वेळी उघडून भाव बघणं योग्यच. एकाच वेळी दोन ठिकाणी बुक करून जी आधी येईल ती घेणं मात्र करू नका. तुम्ही रद्द केलेली गाडी तीन किलोमीटर रिकामी आलेली असते.

ॲपवरची रिक्षा: इथे नियम वेगळे आहेत

बरेच लोक समजतात की ॲपवर रिक्षा बुक केली म्हणजे कंपनी मध्ये आहे. आता तसं राहिलेलं नाही. रॅपिडो, उबर, ओला यांनी रिक्षासाठी वर्गणीची पद्धत आणली. चालक कंपनीला ठरावीक पैसे देतो, कंपनी प्रत्येक भाड्यातून कमिशन कापत नाही, आणि पैसे थेट चालकाच्या हातात किंवा त्याच्या यूपीआयवर जातात. उबरने फेब्रुवारी २०२५ मध्ये हा बदल केला.

याचे दोन परिणाम होतात. एक, स्क्रीनवर ११८ दिसत असले तरी चालक आल्यावर म्हणतो, ‘मॅडम, मीटरने चला,’ किंवा ‘दीडशे होतील.’ कंपनी अशा वादात फारसं पडत नाही. दोन, तुम्ही ॲपच्या पाकिटात पैसे भरून ठेवले असतील तर त्यांचा इथे उपयोग होत नाही.

तेव्हा ॲपवरची रिक्षा घेताना बसण्याआधीच विचारा, ‘दादा, ॲपप्रमाणे की मीटरने?’ मीटरने म्हणाला तर घाबरायचं कारण नाही, मीटर हा सरकारी दर आहे आणि बऱ्याचदा ॲपच्या आकड्याच्या जवळपासच येतो. तिसराच आकडा सांगितला तर मात्र ती रिक्षा सोडा. ॲपचा फायदा इथे एवढाच की रिक्षा दारात येते, नंबर नोंदला जातो आणि घरच्यांना प्रवासाची लिंक पाठवता येते. रात्री अकराला एकटी मुलगी क्लासवरून किंवा शिफ्टवरून येत असेल तर एवढंही पुष्कळ आहे.

कुठल्या प्रवासाला काय

स्टेशन ते घर, रोजचा प्रवास. यात शेअर रिक्षाला तोड नाही. लोकमान्य नगर, वर्तक नगर, वसंत विहार, मानपाडा या बाजूंच्या शेअरच्या रांगा लांब दिसतात पण झपाझप सरकतात. मागे तिघं, एवढाच कायदा आहे. ड्रायव्हरशेजारी चौथा बसवत असेल तर पुढच्या रिक्षेसाठी थांबा. संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलाखाली उभं राहून ॲप कॅब बोलावणं म्हणजे वेळेची माती. पुलाखाली लोकेशन धड लागत नाही आणि गाडी आत येऊ शकत नाही. कॅबच हवी असेल तर गावदेवीकडे किंवा तलावपाळीपर्यंत चालत जा आणि तिथून बुक करा. कोपरीच्या बाजूने जाणं शक्य असेल तर पूर्वेला उतरलेलं उत्तम, विशेषतः हायवे पकडायचा असेल तर.

घोडबंदर रोडवरून निघताना. कासारवडवली, ओवळा, वाघबीळ या भागात सकाळी रिकामी मीटर रिक्षा मिळाली तर नशीब. मेट्रो ४ च्या कामामुळे आणि गायमुख घाटातल्या कोंडीमुळे गाडीला यायला वेळ लागतो, आणि ॲपवर दाखवलेली ‘४ मिनिटं’ इथे लवचिक असतात. पिन टाकताना रस्त्याची बाजू बघा. तुम्हाला ठाण्याकडे जायचंय आणि पिन बोरिवलीच्या बाजूला पडली तर ड्रायव्हरला पुढच्या वळणापर्यंत जाऊन यावं लागतं, आणि तो सरळ रद्द करतो. तीन हात नाका, नितीन कंपनी, कॅडबरी या चौकांत तीच गत: पिन पुलावर पडते आणि तुम्ही सर्व्हिस रोडला उभे असता. पिनवर भरवसा न ठेवता ‘सर्व्हिस रोड, अमुक दुकानासमोर’ असा एक मेसेज टाकला की अर्धी भांडणं वाचतात.

ठाण्याहून मुंबईत. भांडुप-मुलुंडपर्यंत रिक्षा ठीक. मुंबई शहरात रिक्षांना बंदी आहे, सायन आणि माहीमच्या पुढे त्या जात नाहीत. म्हणजे दादर, परळ, फोर्टला ॲप कॅब किंवा लोकल. ऑफिसच्या वेळी पूर्व द्रुतगती महामार्गावर मीटर आणि वेळ दोन्ही पळतात, तेव्हा एकटा माणूस असेल तर मी लोकलच सुचवेन. चौघं असाल तर कॅबचं भाडं वाटून परवडतं.

विमानतळ. यावर जरा जास्त बोलायला हवं, कारण सर्वांत मोठी रक्कम इथे जाते. ठाण्याहून मुंबई विमानतळाच्या टर्मिनल २ चं अंतर २५ किलोमीटर धरा. ॲप कॅब मूळ दराने ५६८, दीडपटीने ८५२, पूर्ण सूट मिळाली तर ४२६. तेच अंतर काळी-पिवळीने आलात तर दिवसा ५१७ च्या आसपास आणि मध्यरात्रीनंतर ६४६. जाताना सहार उन्नत मार्गावर रिक्षा चालत नाही, म्हणून तो पर्याय सोडा.

पहाटेच्या विमानासाठी ‘शेड्यूल’ करून निश्चिंत झोपणारे बरेच असतात. शेड्यूल म्हणजे गाडी राखून ठेवलेली असते असं नाही. ड्रायव्हरचं नाव आणि नंबर येईपर्यंत ती फक्त विनंती असते. पहाटे तीनला निघायचं असेल तर आदल्या रात्री ओळखीच्या टुरिस्ट गाडीवाल्याशी बोलून ठेवा, भाडं आधी ठरवा आणि ॲप दुसरा पर्याय म्हणून ठेवा. सोसायटीच्या वॉचमनकडे असे दोन-तीन नंबर असतातच.

सामानाचं गणित वेगळंच. ॲपवरच्या बहुतेक कॅब सीएनजीवर चालतात आणि डिकीत टाकी असते. छोट्या गाडीत एक मोठी बॅग कशीबशी बसते, दुसरी पुढच्या सीटवर जाते आणि मग चौथा माणूस कुठे बसणार? दोन मोठ्या बॅगा आणि तीन माणसं असतील तर सेडान किंवा मोठी गाडीच निवडा. काळी-पिवळीच्या टपावर कॅरियर असतं, परदेशातून लोणच्याच्या बरण्यांसकट येणाऱ्या नातेवाइकांना आणायला ते फार कामाचं.

एकटे असाल आणि पाठीवर एकच सॅक असेल तर गाडी घेऊच नका. ठाण्याहून घाटकोपरला लोकल, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथे मेट्रो ३ पकडली की पुढचं स्टेशनच टी-२. ऑक्टोबर २०२४ पासून हा रस्ता खुला आहे आणि ट्रॅफिकचा त्याच्याशी संबंध नाही.

विमानतळावरून परत येताना ॲपच्या गाड्या बहुमजली पार्किंगमधून मिळतात, सामान घेऊन तिथपर्यंत जावं लागतं. रात्री दोन विमानं एकदम उतरली की भाव दीडपटीला जातो. अशा वेळी प्रीपेड टॅक्सीच्या खिडकीवर विचारून बघा. पावतीवर भाडं लिहिलेलं असतं, सामानाचे पैसे वेगळे लागतात, आणि ठाण्याचं भाडं नाकारायचा प्रश्न येत नाही. शहरातल्या रस्त्यावर उभी असलेली काळी-पिवळी ‘ठाणे नहीं जायेगा’ म्हणते, ते या खिडकीवर ऐकावं लागत नाही.

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं सुरू झाली आहेत. ठाण्याहून ठाणे-बेलापूर रस्त्याने जाणं होतं, त्यामुळे विटावा-कळव्याची कोंडी आणि ऐरोलीचा पूल यांतलं काय टाळायचं ते निघताना नकाशात बघून ठरवा. तिकीट काढताना विमानतळ नीट वाचा, कारण कॅबवालाही विचारतो, ‘जुनं की नवीन?’ आणि ॲपवर चुकीचा विमानतळ एका बोटाने निवडला जातो.

रात्रीची रिक्षा. बारानंतर ‘हाफ रिटर्न’ मागतात, म्हणजे दीडपट. कायद्याने सव्वापट आहे. १०० रुपयांच्या भाड्याला १२५, संपला विषय. पण वागळे इस्टेटच्या आतल्या गल्लीत, जिथून त्याला परत रिकामंच यायचंय, तिथे वीस रुपये वर देऊन घरी पोहोचणं मला चुकीचं वाटत नाही. ते तुम्ही खुशीने द्यावेत, त्याने धमकावून घेऊ नयेत.

बाइक टॅक्सी हा नवा प्रकार आहे. राज्याच्या नियमांनुसार ती इलेक्ट्रिक हवी. पेट्रोलची, पांढऱ्या पाटीची बाइक आली तर बसू नका.

बसताना आणि रद्द करताना

नंबरप्लेट ॲपशी जुळते का बघा, चेहरा जुळतो का बघा, मगच ओटीपी सांगा. फोनवर आधीच ओटीपी मागितला तर देऊ नका, राइड सुरू होते आणि गाडी तुमच्याविना फिरते. वयस्कर आईवडिलांसाठी तुम्ही बुक करत असाल तर ओटीपी, गाडीचा नंबर आणि भाडं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेलं त्यांना ऐन वेळी सापडत नाही.

आता रद्द करण्याचा खेळ. ड्रायव्हर फोन करतो: ‘ड्रॉप कुठे? कॅश की ऑनलाइन?’ उत्तर पटलं नाही तर ‘तुम्हीच कॅन्सल करा ना साहेब.’ करू नका. राज्याच्या धोरणानुसार चालकाने विनाकारण रद्द केलं तर भाड्याच्या १० टक्के किंवा १०० रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम प्रवाशाला मिळायला हवी. प्रवाशाने रद्द केलं तर ५ टक्के किंवा ५० रुपयांपर्यंत भुर्दंड. म्हणजे बटण कोणी दाबलं यावर पैसे कोणाच्या खिशातून जाणार ते ठरतं. अगदी घाई असेल आणि रद्द करावंच लागलं तर कारणांमध्ये ‘चालकाने रद्द करायला सांगितलं’ हे निवडा. मागच्या पावसाळ्यात अशाच एका प्रकारात माझे कापलेले पैसे दोन दिवसांत परत आले, ते फक्त मी तेच कारण निवडलं होतं म्हणून.

ऑनलाइन पैसे द्यायचे असतील तर चालकाच्या ‘कॅश की ऑनलाइन?’ या प्रश्नामागचं कारणही समजून घ्या. त्याला संध्याकाळी सीएनजी भरायला रोख हवी असते. थेट त्याच्या यूपीआयवर देतो म्हटलं की बऱ्याचदा तो तयार होतो, पण ॲपमध्ये पेमेंट ‘कॅश’ करूनच तसं द्या, नाहीतर दोनदा कापलं जाईल.

तक्रार करायची तर

रिक्षा किंवा टॅक्सीने भाडं नाकारणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १७८ खाली गुन्हा आहे. गाडीचा नंबर, वेळ, ठिकाण आणि कुठे जायला नकार दिला, या चार गोष्टी लिहून आरटीओकडे किंवा वाहतूक पोलिसांकडे द्या. नुसतं ‘ठाण्याचे रिक्षावाले उद्धट’ लिहून काही होत नाही. रिक्षेला दिसेल तिथे हात न करता स्टँडवरून घेतली तर बाजूला पोलीस किंवा निदान रांगेतले चार साक्षीदार असतात, हा स्टँडचा मोठा फायदा.

ॲपच्या बाबतीत आधी ॲपमध्येच तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक घ्या. दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तोच क्रमांक सांगा. असुरक्षित वाटलं तर वाद घालत बसू नका, ११२ लावा.

वस्तू गाडीत राहिली तर ॲपवरची राइड उघडून चालकाला फोन करता येतो, राइड संपल्यावर जितक्या लवकर कराल तितकं बरं. मीटरच्या रिक्षेत छत्री राहिली तर रिक्षावाला स्टँडवर परत येईपर्यंत थांबणं हाच उपाय. म्हणून मोठं सामान असेल तेव्हा मीटर टाकलं की लगेच नंबरप्लेटचा फोटो घरच्या ग्रुपवर पाठवून द्या.